सायकलस्वारांचा वेष

रंगभूमीवरील वेषभूषेसंबंधानें आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कोणत्या नायिकेला कोणता शालू शोभला, कोणत्या राजाच्या डोक्यावरचा टोप काळाला सोडून होता, यावर रसिकांनीं वर्षानुवर्षें वाद घातले आहेत. लुगड्याच्या काठापदराविषयीं तर घरोघरच्या स्त्रिया अशा अधिकारवाणीनें बोलतात कीं, चित्रकलेच्या एखाद्या अध्यापकानेंहि तें ऐकत बसावें. परंतु सायकलच्या शर्यतींतील स्वार जो वेष अंगावर चढवितात तो चांगला कीं वाईट, आणि चांगला असल्यास कां चांगला, हा प्रश्न टीकेच्या प्रांतांत फारसा कोणी आणलेला दिसत नाहीं. तो वेष पाहून एक तर हंसावयाचें, नाहीं तर डोळे मिटून विलायतेची नक्कल करावयाची, या दोन टोकांपलीकडे आपली अभिरुचि अद्याप गेलेली नाहीं.

हा प्रश्न आतां टाळण्यासारखाहि राहिलेला नाहीं. रविवारीं पहांटे पनवेलजवळ जुन्या पुणें रस्त्यावर उभें राहावें. मुंबईकडून, नव्या मुंबईकडून आणि खुद्द पनवेलांतून निघालेले स्वारांचे थवे शेडुंग, चौक हीं गांवें मागें टाकीत खोपोलीच्या दिशेनें जातांना दिसतात. द्रुतगति-मार्गावर सायकलींना मज्जाव असल्यामुळें बोरघाटाची ओढ असलेल्या प्रत्येकाला हाच रस्ता धरावा लागतो. दुसरे कांहीं गोव्याच्या रस्त्यानें कर्नाळ्याकडे वळतात. त्यांतच २०२६ च्या जानेवारींत ‘पुणे ग्रँड टूर’ ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत पुणें जिल्ह्यांत झाली, आणि जे वेष आजवर पडद्यावर पाहावयाचे ते मराठी माणसानें आपल्याच रस्त्यांवर पाहिले. तेव्हां या वेषांच्या गुणदोषांचा विचार करण्याला हीच वेळ योग्य आहे.

प्रथम ही कला कोणत्या जातीची आहे तें ठरविलें पाहिजे. या वेषाला चार धनी आहेत: स्वाराचें शरीर, भोंवतालचा रस्ता व हवा, वाटेवरचा प्रेक्षक आणि पैसा पुरविणारा आश्रयदाता. चौघांचीहि मर्जी राखणारा वेष क्वचितच निपजतो. त्यांतल्या त्यांत प्रेक्षकाची स्थिति चमत्कारिक आहे. नाटकाचा प्रेक्षक तीन तास एका जागीं बसून पात्रें न्याहाळतो; येथें तो रस्त्याच्या कडेला तासभर वाट पाहतो आणि सारें नाटक दहा सेकंदांत संपतें. तेवढ्यांत आपला स्वार कोणता, त्याचा संघ कोणता, हें त्याला कळलें पाहिजे. कोंकणांतील दशावतारांत संकासुर प्रवेश करतांच मागच्या रांगेंतलें पोरहि त्याला काळ्या वेषावरून ओळखतें; त्याच्या छातीवर नांव लिहावें लागत नाहीं. शर्यतीच्या वेषाची पहिली कसोटी हीच होय.

दुसरी कसोटी आपल्या घरांतच आहे. पैठणी घ्या किंवा इरकली घ्या. तिचें अंग एका रंगाचें, काठ त्या रंगाला उठाव देणारा, आणि कलाकुसर मुख्यतः पदराला. जेथें वस्त्र अंगाभोंवतीं वळतें, चुण्या पडतात, तेथें नक्षी दाटलेली नसते. जेथें नजर सहज ठरते तेथेंच ती असते. हा नियम कोणा पंडितानें केलेला नाहीं. हलत्या देहावर वस्त्र कसें दिसतें याचा पिढ्यान्‌पिढ्या अनुभव घेतलेल्या हातांनीं तो केला आहे. सायकलवरील देह हाहि हलता देह आहे. म्हणून हा नियम त्यालाहि लागू पडावा, यांत नवल नाहीं.

या दोन कसोट्या घेऊन युरोपांतील नामांकित वेष पाहूं लागलों म्हणजे गंमत दिसते. ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. पण आघाडीच्या स्वाराला पिवळी जर्सी देण्याची प्रथा १९१९ सालची. शर्यत भरविणारें ‘लोतो’ हें वृत्तपत्र पिवळ्या कागदावर निघत असे, तोच रंग स्वाराच्या अंगावर चढला. ती जर्सी प्रथम घालणाऱ्या युजेन क्रिस्तोफला लोकांनीं पिवळ्या कॅनरी पक्ष्याची उपमा देऊन चिडविलें, अशी कथा सांगतात. आज त्याच रंगासाठीं स्वार जिवाचें रान करतात! इटलीच्या ‘जिरो’ शर्यतींतील गुलाबी जर्सी १९३१ ची. तीहि ‘गाझेत्ता देल्लो स्पोर्त’ या गुलाबी कागदावर छापल्या जाणाऱ्या पत्रावरून आली. डोंगर चढण्यांत पहिल्या ठरलेल्या स्वाराचा मान फ्रान्सच्या शर्यतींत १९३३ पासून होता. पण त्याला पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके असलेली जर्सी मिळाली ती १९७५ सालीं, एका चॉकलेटच्या कारखानदाराच्या आश्रयानें. ही ठिपक्यांची जर्सी सुंदर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु दूरच्या वळणावर, धुक्यांत, गर्दींत ती चुकत नाहीं, आणि तिचा अर्थ शेंबड्या पोरालाहि कळतो. आपल्या मुंबई-पुणें शर्यतींत ‘घाटाचा राजा’ हा किताब पुष्कळ वर्षें गाजलेला आहे. किताबाचें नांव तर फ्रेंचांच्या नांवापेक्षांहि रसाळ आहे. पण त्या राजाचें वस्त्र कोणतें, असें वाटेवरच्या माणसाला विचारलें तर त्याच्यापाशीं उत्तर नाहीं.

या सर्वांत आम्हांला श्रेष्ठ वाटतो तो जगज्जेत्याचा वेष. १९२७ पासून चालत आलेल्या या जर्सीचें अंग पांढरें, आणि त्यावर निळा, तांबडा, काळा, पिवळा व हिरवा असे पांच आडवे पट्टे. पैठणीचाच नियम! त्याहून सुंदर प्रथा अशी कीं, एकदां जगज्जेता झालेला स्वार पुढें हरला तरी गळ्याला व बाह्यांना त्या पांच रंगांची किनार जन्मभर लावूं शकतो. पद जातें, काठ राहतो. मानचिन्हाची इतकी संयमी कल्पना दुसऱ्या कोणत्या खेळांत असेल असें वाटत नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्यापारानें या वेषाचें सौंदर्य बिघडविलें, असें म्हणण्याची पद्धति आहे. वरील इतिहास पाहतां तें खरें नाहीं. पिवळा व गुलाबी हे दोन्ही रंग मूळचे जाहिरातीचेच. १९५४ सालीं फिओरेन्झो माग्नी या इटालियन स्वारानें निव्हिया या मलमाच्या कारखान्याचा आश्रय घेतला, आणि सायकलीशीं संबंध नसलेल्या धंद्यांची नांवें जर्सीवर येण्याचा मार्ग मोकळा झाला. तरी त्यानंतरचीं पंचवीसतीस वर्षें हा वेषाचा उत्तम काळ मानावा लागतो. एडी मर्क्सच्या मोल्तेनी संघाची नारिंगी जर्सी एका मांसपदार्थांच्या कारखान्याची जाहिरात होती. पण नारिंगी अंग, मध्यें एक गडद पट्टा आणि त्यावर एकच नांव, एवढ्यानें काम भागलें. १९८४ सालीं निघालेल्या ‘ला व्ही क्लेर’ या संघानें तर मोंद्रियान या डच चित्रकाराच्या तांबड्या, पिवळ्या, निळ्या चौकोनांची जर्सी केली. भिंतीवरचें सपाट चित्र वांकलेल्या पाठीवर कसें टिकणार, अशी शंका येते; परंतु जाड काळ्या रेषांनीं रंग बांधून ठेवल्यामुळें तें टिकलें. त्याच वेषांत बर्नार्ड इनो यानें १९८५ सालीं आणि ग्रेग लेमाँड यानें १९८६ सालीं फ्रान्सची शर्यत जिंकली.

मग बिघाड कशानें झाला? आमच्या मतें, श्रम वांचल्यानें. जुनी जर्सी लोकरीची असे, आणि तिच्यावरील अक्षरें टांक्यांनीं भरावीं लागत. प्रत्येक अक्षराला हात लागे, वेळ लागे, पैसा लागे; म्हणून अक्षरें थोडीं आणि विचारपूर्वक येत. पुढें लोकर जाऊन कृत्रिम धागे आले, आणि रंगाची वाफ करून ती उष्णतेनें पॉलिएस्टरच्या धाग्यांत मुरविण्याची छपाई आली. या छपाईला एका नांवाचा खर्च जेवढा, तेवढाच वीस नांवांचा. वजन वाढत नाहीं, शिवण लागत नाहीं, वाटेल तें चित्र वाटेल तेथें उमटतें. कलेला बंधन असलें म्हणजे ती तक्रार करते हें खरें. पण बंधन सुटलें म्हणजे ती बहुधा सैरावैरा धांवते हेंहि तितकेंच खरें. आश्रयदाते वाढले, प्रत्येकाला खांदा, बाही, मांडी वांटून देण्यांत आली, आणि स्वार हा चालता जाहिरातफलक झाला. दहा सेकंदांत वीस नांवें कोण वाचणार? सर्वच ओरडूं लागले म्हणजे कोणाचेंच ऐकूं येत नाहीं, हें बाजारांत बसणाऱ्या भाजीवालीलाहि ठाऊक असतें.

विनोदाचा प्रश्न निराळा आहे. १९९० च्या सुमारास कास्तोरामा या फ्रेंच दुकानदाराच्या संघानें दुकानांतील कामगाराच्या डगल्याचें चित्र जर्सीवर छापलें, तर कारेरा या संघानें जीनच्या कापडाचा भास होणाऱ्या चड्ड्या घातल्या. अनेक टीकाकारांनीं त्यांना अत्यंत कुरूप वेषांच्या यादींत घातलें आहे. आम्हांला त्या दोहोंत फरक वाटतो. कामगाराचा डगला हा कष्टाचा वेष आहे, आणि सायकलची शर्यत हाहि मजुरीच्या जातीचा कष्ट आहे. त्या थट्टेंत कांहीं सत्य आहे. जीनच्या चड्डींत मात्र नुसती फसवणूक आहे. तशाच दुसऱ्या एका जोडींत नियम व लहर यांचा फरक दिसतो. स्पेनच्या ओन्से संघाचा रंग पिवळा. तो आघाडीच्या स्वाराच्या रंगाशीं मिसळूं नये म्हणून फ्रान्सच्या शर्यतीपुरता तो संघ गुलाबी वेष घालीत असे. उलट ‘ई. एफ.’ या संघाचा नेहमींचा रंग गुलाबी. म्हणून २०२० च्या जिरोसाठीं त्यानें बदकांच्या चित्रांचा एक चित्रविचित्र वेष केला, आणि वेषासंबंधींचा नियम मोडल्याबद्दल दंड भरला. दोघांनींहि शर्यतीच्या मानाच्या रंगाला वाट करून दिली. एकानें तें सभ्यपणें केलें, दुसऱ्यानें नाचत केलें; पण केलें, हें महत्त्वाचें.

या गोंगाटाचा वीट येऊन गेल्या पंधरावीस वर्षांत दुसरी लाट आली. २०१० सालीं निघालेल्या इंग्लंडच्या स्काय संघानें काळें अंग व एक बारीक निळी रेष असा वेष घातला, आणि काळा, राखी, गडद निळा हे रंग सुसंस्कृतपणाची खूण ठरले. बारीक अक्षर, मंद रंग, महाग कापड! संयम हा गुण आहे यांत संशय नाहीं. परंतु काठ-पदराचा नियम संयमाचा असला तरी लपण्याचा नव्हे. पैठणी नेसलेली बाई मांडवांत दिसते. जो वेष रस्त्याशीं एकजीव होऊन स्वाराला दिसेनासा करतो, तो सभ्य असेल, सुंदर नव्हे. आणि आपल्याकडे तर तो धोक्याचा आहे.

हा मुद्दा आमच्या दृष्टीनें सर्वांत निकडीचा आहे. पनवेलचा रस्ता म्हणजे आल्प्सची मोकळी वाट नव्हे. न्हावाशेव्याच्या बंदराकडे जाणारी येणारी अवजड वाहनें, कळंबोलीचा ट्रकांचा राबता, पावसाळ्यांत खड्डे आणि अंधारलेल्या सकाळी, यांतून स्वाराला वाट काढावयाची असते. मागून येणाऱ्या ट्रकचालकाला स्वाराची छाती दिसत नाहीं. चढावर स्वार पुढें वांकलेला असतो आणि छाती जमिनीकडे असते. दिसते ती पाठ, कंबर आणि हलणारे पाय. आणि आपल्या जर्सींवर पाहावें तर छाती झगमगीत व पाठ काळी! चमकणारी पट्टी असलीच तर ती खिशाच्या कोपऱ्यांत बोटभर. वस्तुतः ती घोट्यांवर व गुडघ्यांवर असावी. कारण वरखालीं हलणारा प्रकाश पाहतांच हा माणूस आहे, हें चालकाला लवकर उमगतें. येथें सौंदर्य आणि जीव यांचा प्रश्न एकच होऊन बसतो.

हवेचाहि विचार व्हावा. सामान्य हवेंत शंभर भार कोरड्या कापसाच्या धाग्यांत सुमारें आठ भार पाणी मुरतें, लोकरींत त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि पॉलिएस्टरमध्यें अर्धा भारहि नाहीं. म्हणून सुती सदरा घामानें जड होऊन अंगाला चिकटतो, आणि पॉलिएस्टरची जर्सी धाग्यांमधल्या फटींतून घाम पृष्ठभागावर आणून वाळविते. पण वाळविण्याला कोरडी हवा लागते. कोंकणांतील दमट सकाळीं घाम पृष्ठभागावर येऊन तसाच राहतो. तेथें कातडीसारखी तंग, दाट विणीची विलायती जर्सी स्वाराला शेकून काढते. जाळीदार, किंचित् सैल कापडच हितकर. शर्यतींत वाऱ्याचा अडथळा कमी करण्यासाठीं तंग वेष हवा हें खरें. पण रविवारीं कर्नाळ्यापर्यंत जाऊन मिसळ खाऊन परत येणाऱ्या गृहस्थाला कोणता वारा अडविणार आहे?

यावर कोणी म्हणेल कीं, वेषानें शर्यत जिंकली जात नाहीं. मग एवढा काथ्याकूट कशाला? दूधवाला, पेपरवाला, कारखान्याच्या पाळीवर जाणारा मजूर लेंगा-सदऱ्यांत जन्मभर सायकल चालवितात, त्यांचें काय अडलें? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर त्याच्याच पोटांत आहे. वेष दार उघडतो तसा दार लावतोहि. महाग व तंग वेष हीच सायकलची दीक्षा, असा समज एकदां झाला म्हणजे लेंगा घातलेला खरा स्वार त्या पंगतींतून उठतो, आणि पहिल्यानेंच सायकल घेणारी गृहिणी पंगतीला बसतच नाहीं.

स्त्रियांच्या बाबतींत तर हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलवर बसणाऱ्या युरोपीय स्त्रियांनीं पायघोळ झगे टाकून विजारी घातल्या तेव्हां तेथें केवढा गहजब झाला! आपलें कांसोट्याचें नऊवारी लुगडें पाय मोकळे ठेवणारें. नंतरच्या पांचवारीसाठीं मात्र सायकलच्या सांखळीला झांकण आणि मागच्या चाकाला जाळी बसवावी लागली. म्हणजे वस्त्राप्रमाणें यंत्र बदललें. यंत्रासाठीं बाईला वस्त्र टाकावें लागलें नाहीं. २०१४ सालीं कोलंबियांतील एका स्त्री-संघाच्या वेषाच्या मधल्या भागाचा रंग कातडीच्या रंगासारखा निघाला, आणि दुरून त्या स्त्रिया उघड्या दिसूं लागल्या. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षांनीं तो वेष अस्वीकार्य ठरविला. संघांतील स्त्रियांनीं मात्र त्याचें समर्थन केलें. आम्हांला दोष त्या स्त्रियांचा वाटत नाहीं. कागदावर आंखलेला रंग देहावर, उन्हांत आणि अंतरावरून कसा दिसेल हें न पाहतां ठरविलेल्या वेषाचें तें फळ आहे. तात्पर्य, आपल्या मंडळांनीं तंग वेष ज्या स्त्रीला हवा तिला द्यावा. ज्या स्त्रीला नको तिच्यासाठीं त्याच रंगाचा, त्याच मानाचा सैल सदरा असावा. एकीला तो संकोच वाटला म्हणून ती घाट पाहण्यापासून वंचित राहिली, तर तो वेष कितीहि देखणा असला तरी नापास समजावा.

मग पनवेलच्या स्वारांचा वेष कसा असावा? आज अनेक मंडळांच्या जर्सींवर किल्ला, वाघ, देव आणि दहा दुकानें एकत्र नांदतांना दिसतात. पूज्य चित्र पाठीवरच्या खिशावर छापावें आणि त्या खिशांत केळें कोंबावें, यांत भक्तीहि नाहीं आणि कलाहि नाहीं. त्यापेक्षां अंग एकाच रंगाचें असावें; पावसाळ्यांतल्या हिरव्या डोंगरावर आणि उन्हाळ्यांतल्या पिवळ्या गवतावर सारखाच उठून दिसणारा झेंडूचा केशरी किंवा राणी रंग घ्यावा. आश्रयदाते असावेत, पण त्यांचीं नांवें पदरासारखीं एकाच जागीं एकत्र असावीं. आणि गांवाचें नांव देवनागरींत असावें. आपल्या लिपीला शिरोरेषा आहे, ही वेषकाराला केवढी देणगी! ‘पनवेल’ हीं चार अक्षरें पाठीवर खांद्यांजवळ मोठीं लिहून त्यांची रेषा दोन्ही बाह्यांपर्यंत ओढली कीं, काठ आपोआप तयार होतो. ती रेषा चमकणाऱ्या पट्टीची केली तर तोच काठ अंधारांत स्वाराचें रक्षण करतो. बोधचिन्ह हवेंच असेल तर चाक घ्यावें. १८३० सालीं माल्कम गव्हर्नर असतांना बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि मुंबईहून बोटीनें पनवेलला उतरलेला माणूस येथूनच गाडींत बसून पुण्याकडे निघूं लागला. चाकावर बसून घाट चढणें हा या गांवाचा जुनाच व्यवसाय आहे.

असा वेष करावयाला विलायती कारागीर नको कीं फार पैसा नको. नको तें गाळण्याचें धैर्य तेवढें हवें. तें धैर्य आपल्या विणकरांनीं शतकानुशतकें दाखविलें आहे. त्यांचें लुगडें अंगावर घेऊन आपल्या आज्या-पणज्या दुरून ओळखूं येत. त्यांच्या नातवंडांना पनवेलच्या रस्त्यावरून जातांना मागच्या ट्रकचालकानें दुरून ओळखावें, आणि चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्यानें ‘हीं आपल्या गांवचीं पोरें’ असें अभिमानानें म्हणावें, एवढें ज्या वेषानें साधेल तो वेष उत्तम होय.